लग्न झालेल्या मुलीला आलेलं स्थळ

तो दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा आहे. दसरा होऊन आठवडा झाला असेल. मी तेव्हा नागपुरात सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होते. हजेरी झाली, रात्रपाळीनं दिवसपाळीला चार्ज दिला, चहा आला, आणि पहिला घोट घेते तोच फोन वाजला. लकडगंजहून लाकडाचे एक व्यापारी बोलत होते.

"मॅडम, आमच्या पोरीचं लग्न उन्हाळ्यातच झालं. महाल भागातल्या मावशीनंच जमवलं, पंगतीत बसून जेवल्या त्या. अन् आज त्यायच्याच मंडळाचा मेसेज आला, मुलीसाठी नवीन स्थळ आहे, मेल पाहा. मेलमधी पोरीचं आधार कार्ड मागून राहिले! काहून पाठवून राहिल्या त्या?"

मला आधी हसूच आलं. पण तासाभरात असेच आणखी फोन आले, आणि मागोमाग मावशी स्वतःच ठाण्यात हजर झाल्या. सत्तरीच्या, कडक इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी. तीस वर्षं वधू-वर सूचक मंडळ चालवणारी बाई. आधी पोस्टकार्डं लिहायच्या, मग फोन करायच्या. त्या वर्षी त्यांनी मेसेज आणि मेल आपोआप जाण्याची सोय करून घेतली होती. नवीन नाव नोंदवलं की शोभेल अशा घरांना निरोप आपला आपण जायचा.

ही सोय बसवून दिली होती मनीषनगरच्या एका मुलीनं. मुलगी म्हणजे तिशीची, एका लेकराची आई. नोकरी सुटल्यावर घरून संगणकाची कामं करायची. आणि गंमत पाहा, तिचं लग्नही मावशींनीच जमवलेलं.

आता ही सोय कशी चालते ते मला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मलाही कुठं येत होतं! बारावीनंतर शिपाई म्हणून भरती झालेली बाई मी. आमच्या खात्यात एपीआय म्हटलं की सहायक पोलीस निरीक्षक, तेवढंच ठाऊक. संगणकातलं एपीआय वेगळं, ते आमच्या एका महिला हवालदारानं मला शिकवलं. मेसेज पाठवणारी कंपनी वेगळी, मेल पाठवणारी वेगळी. आपला संगणक त्यांना सांगतो, अमक्याला हा निरोप द्या; हे सांगण्याची वाट म्हणजे एपीआय. ते विचारतात, तू कोण? तेव्हा जी अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक ओळ दाखवायची, ती म्हणजे एपीआयची चावी. ही ओळ ज्याच्या हाती, त्याला त्या कंपन्या मावशीच समजणार. मेलच्या खात्यात ठेवलेली सगळ्या घरांची यादीसुद्धा त्याला उघडून मिळणार.

"मग लिहा तिचं नाव," मावशी म्हणाल्या. "त्या चाव्या तिच्याबिगर कोणाले समजतात?"

मी मुलीला बोलावून घेतलं. ती आली तशी मावशींच्या पाया पडायला वाकली. मावशींनी पाय मागे घेतले.

"मावशी, तुमच्यासंगं मी असं करीन काय?"

"मले काय मालूम? घरोघरचे लोक मले विचारून राहिले, मावशी तुम्ही पोरींचे कागद विकता काय म्हणून! तीस वर्षांत असं आयकलं नोतं मी."

दोघींना वेगवेगळ्या खोलीत बसवलं. मी जबाब घेताना आधी पाणी द्यायची आणि उगाच इकडचं तिकडचं विचारायची. खोटं बोलणाऱ्याला बहुधा उत्तराची घाई असते. ही मुलगी मात्र प्रत्येक प्रश्नाला थांबायची, आठवायची, कधी "हे नाही सांगता येत" म्हणायची. चाव्या कुठंकुठं ठेवल्या ते तिनं लॅपटॉप उघडून दाखवलं. तिच्याकडून बाहेर गेल्याची काही खूण दिसेना.

"आणखी कुठं आहेत?"

"एका कागदावर. मी नाही म्हणत होते. पण मावशी म्हणाल्या, उद्या तू नाही सापडली तर मी काय करू? म्हणून छापून दिल्या. कपाटात ठेवा म्हटलं, कोणाले दाखवू नका म्हटलं." मग ती म्हणाली, "मॅडम, गुन्ह्यात माझं नाव येईल काय? या कामात लोक आपलं नाव आमच्या हातात देतात. माझंच नाव असं कागदावर आलं तर मले कोण काम देईल?"

मी म्हटलं, पाहते. दुसरं काय म्हणणार?

दुपारी दोन पंच घेऊन महालात गेलो. मावशींचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. त्यांनी कमरेच्या किल्लीनं कपाट उघडलं आणि एक कार्ड काढून दिलं. छापलेला कागद त्यांनी लॅमिनेट करून आणला होता. एवढी जपणूक पाहून मी मनात म्हटलं, इथून काही गेलेलं नाही. परत देताना अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं. कार्डाच्या कोपऱ्यावर लाल डाग होता, वाळलेला.

"मावशी, हे काय?"

"कुंकू." जसं काही मी सूर्य कोणता म्हणून विचारलं होतं. "खंडेनवमीले पूजा केली ना. शिंपी मशीन पूजते, तुम्ही बंदुका पूजता. मी लॅपटॉप पूजला."

"अन् हे कार्ड?"

"अवं, तिनंच सांगतलं होतं, सगळा जीव याच्यातच आहे. मंग त्याले मधात नको ठेवू?" आणि मोठ्या कौतुकानं त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे पाहा, किती सुंदर दिसते!"

सुंदरच होतं. लॅपटॉपला झेंडूचा हार, बाजूला आपट्याची पानं, आणि अगदी मधोमध ते कार्ड, एकेक अक्षर वाचता येईल असं. फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर गेला होता. खाली लिहिलं होतं, आपली नवी यंत्रणा, सर्वांनी आशीर्वाद द्यावे. दोनशेच्या वर माणसं होती गटात. मुलीला मात्र तो दिसला नव्हता, कारण लग्न जमलं की मावशी त्या माणसाला गटातून काढून टाकत.

मी हळूच सांगितलं. मावशी खुर्चीत बसल्या.

"म्हणजे मीच दिलं."

मुलगी आमच्यासोबतच आली होती, दारात उभी होती. तिनं लॅपटॉप ओढला आणि दोन्ही चाव्या रद्द केल्या. पाच मिनिटांचं काम. गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल झाला. कंपन्यांकडून नोंदी मागवल्या आणि चोर गटातच सापडला, खोटा बायोडाटा देऊन नवरदेव म्हणून शिरलेला. मावशींच्या वहीत त्याच्या नावापुढे शेरा होता, "मुलगा फार नम्र." त्यानं वापरलेली खात्यातली यादी जुनी, म्हणून लग्न झालेल्यांनाही स्थळं गेली.

पण मला लक्षात आहे ती त्याच दुपारची गोष्ट. नवीन चाव्या तयार झाल्यावर सगळ्या घरांना मेल पाठवायचा होता. मुलीनं विचारलं, "मावशी, तांत्रिक अडचण आली होती असं लिहू?"

"नाई. लिही, कार्ड मी दाखवलं. अन् तुझं नाव लिही. हिनं बसवलेलं काम पक्कं आहे, चूक माझी आहे, असं. काही घरी मी तुझं नाव सांगून बसली सकाळी."

मुलगी लिहीना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मावशींनी तिला सरकवलं आणि स्वतः एका बोटानं लिहायला बसल्या. आम्ही सगळे उभे. पंचनाम्याचे कागद गुंडाळून पंचही थांबले होते. अर्धा तास लागला त्या चार ओळींना.

आता एक गोष्ट, जी मी त्या दोघींना कधी सांगितली नाही. सकाळी मावशींचं ऐकून मी स्टेशन डायरीत त्या मुलीच्या नावापुढे संशयित असं लिहून मोकळी झाले होते. का? तर मावशींच्या मंडळात ते यंत्र कळणारी ती एकटीच होती. ज्याला कळतं त्यानंच केलं असणार, हा आम्हा न कळणाऱ्यांचा हिशेब. डायरीत खोडाखोड चालत नाही. म्हणून संध्याकाळी ठाण्यात आल्यावर मी खाली दुसरी नोंद घेतली, सदर महिलेचा संबंध दिसून येत नाही, आधीची नोंद घाईत घेतली. सही केली. माझ्या ठाणे अंमलदारानं वाचून वर पाहिलं.

"मॅडम, नोंद घाईत घेतली असं लिहायचं?"

"लिहायचं," मी म्हटलं. "एका सत्तरीच्या बाईनं शेकडो घरांना लिहिलं. मला तर एकाच वहीत लिहायचं आहे."