रेकॉर्ड रूममधली वनिताताई

ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी सिंदी मेघेतल्या घरी कपडे वाळत घालत होते. भाचीचा फोन आला, "मावशी, आई गेली..." त्याला आता महिना उलटला. भेटायला येणारे म्हणतात, फार सोशिक बाई होती. मला राग येतो. माझी मोठी बहीण सोशिक नव्हती. तिने सूड घेतला होता, आणि पुरता घेतला होता.

ताई एका सरकारी कार्यालयात रेकॉर्ड सांभाळायची. गिरडकडच्या एका आदिवासी म्हातारीच्या शेताची फाईल तिथून नाहीशी झाली, शेत भलत्याच्याच नावावर चढलं, आणि मोठ्या बाबूंनी साहेबांपुढे ताईकडे बोट दाखवलं. फाईल नेली होती बाबूंनीच, रजिस्टरमध्ये सही करून. पण ते रजिस्टरही सापडेना. ताई निलंबित झाली. कित्येक महिने ती घराबाहेर पडली नाही. एकदा ती म्हातारीच घरी आली, दारात बसली आणि म्हणाली, "बाई, तू तरी सांग, माह्या वावराचा कागद कुठी गेला?" त्या दिवशी ताई जेवली नाही.

पुढे पुराव्याअभावी तिला कामावर परत घेतलं. बाबू येताजाता सगळ्यांदेखत म्हणायचे, "कपाटाले कुलूप लावा रे, वनिताबाई आल्या." ती मान खाली घालून ऐकून घ्यायची... मला वाटलं, ही मोडली.

मग कार्यालय कागदमुक्त करायचा आदेश आला. जुनं सगळं रेकॉर्ड स्कॅन करायचं होतं. धुळीचं काम, कोणी हात लावेना. ताईने ते मागून घेतलं. मी चिडले, "तुले दम्याचा त्रास, काऊन करून राह्यली हे?"

"एकेक पान आता माह्या हातून जाईन," ती म्हणाली. "पाहतेच, त्यानं काय काय लपवलं ते."

रद्दीत काढलेल्या एका गठ्ठ्यात ते रजिस्टर निघालं. बाबूंची सही ठळक, तारखेसकट. ताईने आधी ते पान स्कॅन करून ऑनलाइन चढवलं, मग रजिस्टर साहेबांच्या टेबलावर ठेवलं. बाबू धावत आले. "वनिता, तेवढं पान काढून टाक. माही रिटायरमेंट आली."

"आता ते कपाटात नाई बाबू, फाडाले. वरच्या साहेबाइलेही दिसून राह्यलं."

चौकशी लागली. निरोप समारंभाच्या खुर्च्या टेम्पोतून तशाच परत गेल्या. त्या संध्याकाळी ताईने शिरा केला, आणि आम्ही दोघींनी तो पोटभर खाल्ला. म्हातारीचं शेत तिच्या नावावर परत आलं. आता तिची नात सातबारा फोनवर काढते, कोणत्याच बाबूपुढे उभी राहत नाही.

ताईचा दमा मात्र त्या धुळीने वाढला तो वाढलाच. डॉक्टर काहीही म्हणोत, हे मरण मी बाबूंच्याच नावावर लिहिते. ते भेटायला आले होते. "झालं गेलं विसरून जा," म्हणाले. मी त्यांना पाणीही विचारलं नाही.

परवा भाचीने रजिस्टरचं ते पान मोबाईलवर उघडून दाखवलं. खालच्या कोपऱ्यात ताईचा अंगठा आला आहे, पान दाबून धरलेला, बाबूंच्या सहीला अगदी लागून. पान कोणीही, कधीही उघडो, तो तिथे असणारच. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला... आणि बराच वेळ फोन भाचीला परत दिला नाही.