इंजिन सासऱ्याचं, तळ सुनेचा

धक्क्यावर त्यांना फुकफुक अण्णा म्हणत. लांबून येणाऱ्या बोटीच्या इंजिनची ते तोंडाने हुबेहूब नक्कल करत आणि मग त्या इंजिनला काय झालंय ते सांगत. लोकांना नक्कल जास्त आवडे.

पाण्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे हौशी लोकांच्या बोटी दुरुस्तीला येत. हौशी म्हणजे ज्यांना मासे बाजारात मिळतात आणि जायचं कुठेच नसतं, तरी सुटीच्या दिवशी पाण्यावर जावंसं वाटतं असे. अण्णांचा त्यांच्यावर राग नव्हता. त्यांच्याच जिवावर अण्णांचा मुलगा शिकला होता. शिकून त्याने पहिलं काम केलं ते पाण्यापासून लांब, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात नोकरी धरण्याचं.

शेडमध्ये रमली ती सून. लग्नाआधी ती बोटींचे फुटके तळ सांधायचं काम करायची. सासऱ्याला डबा द्यायला म्हणून पहिल्यांदा आली, डबा टेबलावर ठेवून एका बोटीखाली शिरली आणि संध्याकाळीच बाहेर आली. डबा तोवर टेबलावरच होता. अण्णाही इंजिनमध्ये होते.

आता अण्णांचे गुडघे संपावर गेले होते. शेडच्या जागी हॉटेल काढू पाहणारा एक गृहस्थ चकरा मारत होता. सुनेला शेड स्वतः चालवायची होती, आणि तिने ते आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. अण्णांनी दोघांनाही "बघू" म्हटलं होतं. त्यांना सुनेच्या हातांची खात्री होती, शंका होती ती तिच्या श्रद्धेची.

"बोट बुडते ती इंजिन दगा देतं म्हणून," ते म्हणत. "इंजिन चालू असलं की माणूस घरी येतो. बंद पडलं की वारा नेईल तिकडे, खडकावर."

"कितीतरी बोटी धक्क्याला बांधलेल्याच बुडतात, बाबा. तळातून आत येणाऱ्या नळीला आवळणारी पट्टी गंजते, नळी निसटते, पाणी आत येत राहतं आणि मालक घरी घोरत असतो. तिथे इंजिनचा काय संबंध?"

"ते काही बुडणं नव्हे. तो गलथानपणा."

"पाण्याला तेवढा फरक कळत नाही."

यावर अण्णा पाना उचलून दुसरीकडे जात. जिला इंजिनपेक्षा नळीची पट्टी मोठी वाटते, तिच्या हाती शेड द्यायची कशी?

त्यातच दातांच्या डॉक्टरांची बोट आली. तिचं डिझेल इंजिन अण्णांनी सुटं करून, एकेक भाग पुसून, जवळजवळ लाड करत पुन्हा बांधलं. बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, एक भोक असतं. बोट बाहेर काढली की तळात साठलेलं पाणी त्यातून वाहून जातं, आणि पाण्यात सोडण्याआधी तिथे बूच लावतात. शेडचा नियम होता की बूच ज्याने काढलं त्याच्याच खिशात राहायचं आणि त्यानेच ते लावायचं. त्यामुळे ते हरवत नसे. या खेपेस ते अण्णांनी काढलं होतं.

चाचणीच्या दिवशी सुनेने नळ्या, पट्ट्या, पंप, सगळं तपासलं. बुचाचं तेवढं विचारलं नाही. सासऱ्याला ते विचारणं म्हणजे शिंप्याला सुई धरता येते का विचारण्यासारखं होतं. बोट उतारावरून पाण्यात गेली. सून सुकाणूवर बसली, डॉक्टर सरबताचा डबा घेऊन मागे. अण्णांनी इंजिनवरचं झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. इंजिन मंद गतीवर असं चाललं होतं की अण्णांना सुख झालं.

खाडीच्या मध्यावर डॉक्टर संकोचून म्हणाले, "अण्णा, हे असंच असतं का? माझा डबा आपोआप फिरतोय."

सुनेने मागे वळून पाहिलं. डबा तरंगत होता. पंप जिवाच्या आकांताने पाणी उपसत होता आणि त्याच्या दुपटीने पाणी येत होतं.

"बाबा, खिशात काय आहे?"

अण्णांनी खिशात हात घातला आणि तो तिथेच राहिला. त्यांचा चेहरा न पाहिल्यासारखं करण्याइतकी सून समजूतदार होती.

"थांबव," अण्णा म्हणाले. "उतरतो आणि लावतो."

"या गुडघ्यांनी? थांबलो तर खालीच जाऊ. जोरात पळवली तर आतलं पाणी त्याच भोकातून बाहेर ओढलं जाईल. इंजिन दम धरेल का तेवढं सांगा."

"धरेल."

"पाणी इंजिनच्या फिरत्या पट्ट्याला लागलंय. उडतंय सगळीकडे."

"धरेल म्हटलं ना. डिझेल इंजिनला पेटायला ठिणगी लागत नाही, आणि हवा ओढायचं तोंड मी वर घेतलंय. दे."

तिने दिला जोर. पाण्याने जड झालेली बोट आधी हललीच नाही, मग कुरकुरत पुढे सरकली. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा कानाला लावला, पण डोळे या वेळी उघडे ठेवले. इंजिनवर पाण्याचे फवारे उडत होते आणि ते एका सुरात ओढत होतं. हळूहळू बोटीचं नाक उचललं गेलं. पायाशी आलेलं पाणी मागे सरकलं आणि कमी व्हायला लागलं. डॉक्टर डबा मांडीवर घेऊन बसले, जणू जहाजावरचा खजिना वाचवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. सुनेने वेग न सोडता बोट थेट वाळूच्या काठाकडे नेली आणि शेवटी अलगद वर चढवली.

डॉक्टर ओल्या बुटांनी उतरले. "मग, पास की नापास?"

"इंजिन पास," अण्णा म्हणाले.

"बोट नापास," सून म्हणाली.

डॉक्टर दोघांनाही सरबत देऊन बूट पिळायला गेले. अण्णांनी खिशातलं बूच काढून वाळूवर ठेवलं.

"विचारायचं होतंस."

"हो. तुमचा मान राखायला गेले, तिथे चुकले." तिने घोट घेतला. "पण इंजिन बंद पडलं असतं तर माझी सगळी अक्कल बोटीबरोबर गेली असती."

"आणि सुकाणू तुझ्या हाती नसतं तर माझं इंजिन खाली तळाशी चालत राहिलं असतं."

"थोडा वेळ."

अण्णा हसले. "इंजिनं मी बघतो, जमेल तोवर," ते म्हणाले. "शेड तू सांभाळ. आणि बूच लावणारा एक, विचारणारा दुसरा. मलाही विचारायचं."

"तुम्हाला तर आधी विचारणार."

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात आला. "काय ठरलं, अण्णा?"

"मालकीणबाईंना विचारा."

त्याने शेडभर नजर फिरवली. डॉक्टरांच्या बोटीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. पायांनी सांगितलं, "जागा विकायची नाही. आणि उभेच आहात तर ती बॅटरी जरा इकडे सरकवता का?"

गृहस्थाने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी खांदे उडवले. मग त्याने बाह्या वर केल्या आणि बॅटरी सरकवली.