गृहप्रवेशाची गाय आणि तिच्या अंगावरचे पाहुणे

‘तुमचा धंदा काय?’ असं कुणी विचारलं की गिरीधर जरा घुटमळायचा. दुधाचा म्हणावं तर तो दूध विकत नव्हता. भटजी म्हणावं तर त्याला मंत्र येत नव्हते. त्याची गाय लोकांच्या नव्या घरात पहिलं पाऊल टाकायची आणि तो दोरी धरून तिच्या मागून आत जायचा. वीस वर्षांत त्याने बंगळुरूतली कितीतरी नवी घरं आतून पाहिली होती, पण बसायला कुठल्याच घरात मिळालं नव्हतं.

बंगळुरूत नवं घर झालं की आधी गाय आत जाते, मग माणसं. घर नवव्या मजल्यावर असलं तरी. महादेवपुऱ्याकडच्या उंच इमारतींमध्ये गिरीधरची ये-जा सामानाच्या लिफ्टने. गेटवरचा रखवालदार वहीत लिहून घ्यायचा : नाव – गाय. कुणाकडे – ९०४. काम – गृहप्रवेश.

“अण्णा, माझं नाव तरी लिही,” गिरीधर म्हणायचा.

“तुझं कशाला? फ्लॅटवाल्यांनी फक्त गायीचं कळवलंय.”

गिरीधर याचा राग मानत नसे. गुळगुळीत फरशीवर गाय घसरू नये म्हणून काथ्याची चटई आणि लिफ्टमध्ये गायीला निसर्गाची हाक आलीच तर बादली, असा दोन हातांत सरंजाम घेऊन तो यजमानासारखा हसत वर जायचा.

आधी त्याच्याकडे काळी-पांढरी संकरित गाय होती. गरीब, लिफ्टला सरावलेली. पण दोनेक वर्षांपासून लोक नाकं मुरडू लागले. “काका, हिला वशिंड कुठंय? फोटोत परदेशी दिसते हो.” एका घरी तर गाय उंबऱ्यातून परत पाठवली. मग गिरीधरने एका दलालाला धरून थेट सौराष्ट्रातून गीर गाय आणवली. तांबूस रंग, फुगीर कपाळ, दुमडलेल्या पानासारखे लांब कान. नाव ठेवलं पद्मजा. पहिल्याच महिन्यात तिचे इतके फोटो निघाले की तेवढे गिरीधरच्या लग्नातही निघाले नव्हते.

ती बांधायची कुठे, हा प्रश्न होता. गिरीधरचं घर गल्लीतलं, दोन खोल्यांचं. बायको तुंगाबाई म्हणाली, “एक तर ती राहील नाही तर मी. आणि फोटो तिचेच जास्त निघतात, तेव्हा विचार करून सांगा.” म्हणून पद्मजा सकवारबाईच्या गोठ्यात गेली.

सकवारबाई म्हणजे गिरीधरची मावसबहीण, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. त्याची अक्का. नवरा गेल्यापासून तिचं घर मल्लिगे नावाच्या एका संकरित गायीवर चाललं होतं. सकाळ-संध्याकाळ दारात भांडी घेऊन माणसं उभी राहायची आणि अक्का माप घालता घालता सगळ्यांची उणीदुणी काढायची. पद्मजाला जागा देताना तिने एकच विचारलं होतं.

“गिरी, लांबून आणलेलं जनावर. एकवीस दिवस वेगळं ठेवलंस ना?”

“ठेवलं की, अक्का. मित्राच्या शेडात.”

ठेवलं नव्हतं. गाय ट्रकमधून उतरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुहूर्त होता, चौथ्या दिवशी आणखी एक. माघात मुहूर्त थांबतात थोडेच? गिरीधरने मनाशी म्हटलं, गाय टुणटुणीत आहे, चरते आहे, एकवीस दिवस नुसतं कोपऱ्यात बसवून काय पुण्य मिळणार?

गाय टुणटुणीत होती हे खरं. पण तिच्या कानांत, मांड्यांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड होते, सौराष्ट्रापासून फुकट प्रवास करून आलेले. गोचिडांच्या औषधाचा फवारा मारायचा तर अंगाला वास येतो, आणि लोक तर गायीच्या कपाळाला कपाळ टेकवतात, गोमूत्र वाटीत धरतात. गिऱ्हाइकाने नाक दाबलं तर? मग गिरीधर रोज सकाळी तुंगाबाईचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन बसायचा, एकेक गोचीड उपटायचा आणि गोठ्याच्या कोपऱ्यात भिरकावून द्यायचा. त्याला वाटायचं, आपण गाय साफ करतोय. गोचिडांना वाटत असावं, हा भला माणूस आपल्याला नव्या घरात सोडतोय. तोही एक गृहप्रवेशच होता, फक्त मुहूर्त न पाहता झालेला. भिंतीच्या फटींत त्यांनी बिऱ्हाड थाटलं.

वैशाखात मल्लिगेने खाणं सोडलं. अंग तव्यासारखं तापलं, कानाखाली आणि खांद्यापुढे लिंबाएवढ्या गाठी आल्या, दूध निम्म्यावर आलं. अक्काने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. रूपश्री त्यांचं नाव. तरुण मुलगी, पण गोठ्यात शिरताना चप्पल काढायची की नाही हा प्रश्न न पडणारी.

तिने मल्लिगेच्या गाठी चाचपल्या, डोळ्यांची पापणी उलटून पाहिली. मग पद्मजाकडे वळून विचारलं, “ही बाहेरची आहे का? आणल्यावर वेगळी ठेवली होती? अंगावर गोचीड होते?”

गिरीधर तिथेच उभा होता. खरं बोलायला हीच वेळ होती. पण अक्का त्याच्याआधी म्हणाली, “आमचा गिरी त्या बाबतीत फार कडक आहे हो. एकवीस दिवस ठेवली होती. विचारा त्याला.”

एवढ्या कौतुकानंतर माणसाने काय करावं? गिरीधर म्हणाला, “एकवीस दिवस, मॅडम. अंगावर एकही नाही.”

“सरी, ठीक आहे,” रूपश्री म्हणाली. “मग साधा ताप धरून चालू. रक्त तपासायला नेते, पण निकालाला वेळ लागेल.” तिने तापाची सुई दिली. अक्काने गिरीधरला कॉफी दिली, वर दोन चकल्या. चकली तोंडात घेतली आणि ती विरघळेना. आयुष्यात पहिल्यांदाच अक्काची चकली त्याला भुशासारखी लागली.

दुसऱ्या दिवशी मल्लिगे बसली ती उठेना. आणि गिरीधरला महादेवपुऱ्यात मुहूर्त होता.

यजमान मुकुंदराव. सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. पद्मजा आत आली तशी त्यांचे डोळेच भरले. “माझ्या आईला फार इच्छा होती हो अशा गायीची,” ते म्हणाले आणि गुडघे दुखत असूनही खाली वाकले. नंतर त्यांनी गिरीधरलाही नमस्कार केला. “तुम्ही फार पुण्याचं काम करता.”

गिरीधर मागे सरकला आणि बादलीवर आपटला.

एवढ्यात मुकुंदरावांची सून शलाका पद्मजाचा कान कुरवाळत म्हणाली, “काका, हे काय आहे? कानात?”

कानाच्या आत वाटाण्याएवढं, राखाडी, तकतकीत काहीतरी बसलं होतं. सकाळी चिमट्यातून सुटलेलं.

“जन्मखूण आहे, ताई,” गिरीधर म्हणाला. “फार शुभ. लाखात एखादीला असते.”

“अय्या! फोटो काढते.” शलाकाने मोबाइल जवळ नेला आणि जन्मखूण चालू लागली.

कानाच्या कडेपर्यंत ती ऐटीत चालत गेली आणि टपकन नव्या पांढऱ्या फरशीवर पडली. पुढची वाट शोधत तिने पाय हलवले. भटजींनी मंत्र मध्येच सोडला. मुकुंदराव अजून हात जोडलेलेच होते. त्यांनी आधी फरशीकडे पाहिलं, मग गिरीधरकडे, आणि फार हळू, फार सभ्यपणे विचारलं, “गोचीड आहे का हो हे?”

शिवी दिली असती तर गिरीधरला बरं वाटलं असतं. “होय साहेब,” तो म्हणाला. एवढ्या महिन्यांत या विषयावर तो पहिल्यांदाच खरं बोलला होता. गोचीड त्याने कागदात उचलून घेतला, दक्षिणेचं पाकीट तबकातच राहू दिलं आणि गाय घेऊन लिफ्टने खाली उतरला. उतरता उतरताच त्याने रूपश्रीला फोन लावला.

ती अक्काच्या गोठ्यावर त्याच्याआधी पोचली होती. गिरीधरने कागदाची पुडी तिच्या हातात दिली आणि अक्काच्या देखतच सांगून टाकलं. दोन दिवससुद्धा वेगळी ठेवली नाही. गोचीड होते. रोज काढून इथेच, त्या कोपऱ्यात टाकत होतो.

“टाकत होतात? रॉकेलमध्ये बुडवले नाहीत?” रूपश्रीने विचारलं. मग स्वतःला आवरून तिने समजावलं. “हा थायलेरिया असणार, गोचिडांतून पसरणारा रक्तातला जंतू. देशी गायीच्या रक्तात तो असतो, तिला काही होत नाही. गोचीड तो घेऊन दुसरीला चावला की संकरित गाय आडवी होते. या भागात मी त्याची अजून एकही केस पाहिलेली नव्हती. त्याचं औषध वेगळं आहे, अण्णा. काल सांगितलं असतंत तर कालच दिलं असतं.”

तिने सुई भरली. अक्का मल्लिगेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती ओरडली नाही. गिरीधर वाट बघत होता की ती ‘गिऱ्या, मुडद्या’ म्हणेल, जवळची केरसुणी फेकेल. लहानपणी त्याने तिची पाटी फोडली तेव्हा तिने फेकली होती आणि संध्याकाळी विसरली होती.

“डॉक्टरीणबाई,” अक्का म्हणाली, “काल मीच तुम्हाला सांगितलं, तो कडक आहे म्हणून. माझीच चूक झाली.”

मल्लिगे वाचली. चौथ्या दिवशी धडपडत उभी राहिली, पण दूध आटलं ते आटलंच. सकाळी भांडी घेऊन येणारी माणसं दुसरीकडे जाऊ लागली. गिरीधरने गोठ्याच्या फटी लिंपल्या, फवारा मारला, गवत जाळलं. पद्मजाच्या अंगाला औषधाचा इतका उग्र वास येऊ लागला की तिला कुणी कपाळ टेकवणं शक्यच नव्हतं. त्याने सगळे मुहूर्त रद्द केले. अक्का त्याला कॉफी द्यायची, पण पेला हातात देण्याऐवजी कट्ट्यावर ठेवून जायची.

रूपश्रीने एक कोरा कागद दिला होता. “ही गाय माघापासून जिथे जिथे तासभर जरी बांधली, ती सगळी ठिकाणं लिहा. मी येईन, पण आधी तुम्ही जाऊन सांगा. मी सांगितलं तर सरकारी वाटतं आणि लोक लपवतात. लपवतात म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे.”

ठिकाणं सात निघाली. पहिलं शिवकुमारचं. महादेवपुऱ्याहून परतताना गायीला पाणी पाजायला गिरीधर तिथे थांबायचा. चार संकरित गायी, स्वच्छ गोठा, आणि मालक इतका अगत्याचा की गिरीधरला बघून त्याने आतूनच हाक दिली, “बा, बा, या ना गिरीधरण्णा! आज गाय नाही बरोबर?”

“नाही,” गिरीधर म्हणाला. “आधी एक सांगायचंय.”

उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहून त्याने सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. शिवकुमारच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, कारण ते काढून ठेवायला त्याला सवड मिळाली नाही. मग तो वळला, पहिल्या गायीपाशी गेला आणि तिच्या कानाखाली बोटं घालून चाचपू लागला. मग दुसरीच्या. तिसरीपाशी त्याची बोटं थांबली, पुन्हा मागे गेली.

गिरीधर दाराशी उभाच होता. आत ये म्हणून कुणी म्हटलं नाही.