गोल अडवणाऱ्याचे गुण

शंकर थूल खुर्चीवर बसलेला मला कधी आठवतच नाही. वर्धा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तो कारकून होता. टेबल होतं, खुर्चीही होती, पण खुर्चीवर त्याची टोपी बसायची. तो उभ्याने पावत्या फाडायचा, उभ्याने चहा प्यायचा, आणि बोलता बोलता भार या पायावरून त्या पायावर टाकत राहायचा. कलकत्ता मेल फलाटाला लागते न लागते तोच हा गार्डाच्या डब्याशी हजर. ओळखीचा एक गार्ड त्याच्यासाठी तिकडचं इंग्रजी वर्तमानपत्र आणत असे. थूल पहिलं पान कधी वाचत नसे. थेट फुटबॉलचं पान उघडायचा आणि तिथेच, हमालांच्या वाटेत उभा राहून, ओठ हलवत वाचायचा.

हा नाद त्यानेच आम्हाला लावला. आम्ही म्हणजे दोघं : कापड दुकानवाला मोतीलाल आणि शाळेत भूगोल शिकवणारा मी. पावसाळ्यात कलकत्त्याला फुटबॉलची लीग चाले. तिथल्या खेळाडूंतून आम्ही तिघांनी नावं वाटून घेतली. प्रत्येकाचा अकरा जणांचा कागदी संघ. आपल्या माणसाने खराखुरा गोल केला की आपल्याला तीन गुण. त्याचा संघ जिंकला की एक गुण. कलकत्ता आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, पण तिथे कोण लंगडतो नि कोण फॉर्मात आहे, हे आम्हाला देवळीच्या बाजारभावापेक्षा जास्त ठाऊक असे.

पहिल्याच मोसमाच्या मध्यात थूल बेचैन झाला. मोतीलालच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "मास्तर, हे बरोबर नाई. ज्यानं गोल केला त्याले तीन. ज्यानं गोल होऊ देल्ला नाई, त्याले का?"

"त्याले टाळ्या!" मोतीलाल गादीवरून म्हणाला.

"टाळ्याबी नाई भेटत, भाऊ. मले माहीत हाय."

त्याला माहीत होतं, कारण तो स्वतः बॅक, म्हणजे मागे राहून समोरच्यांचा चेंडू अडवणारा, म्हणून खेळलेला होता. नागपूरला शिकत असताना एका सामन्यात त्यांचा संघ एका गोलने जिंकला. गोल करणाऱ्याला पोरांनी खांद्यावर घेतलं. घोटा सुजलेला थूल एकटाच लंगडत खोलीवर गेला. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही चालता चालता, दुसरीकडे बघत.

त्याने सुचवलं, संघावर गोल झाला नाही तर बॅकला दोन गुण द्या. मी हरकत घेतली : समजा, चेंडू त्याच्याकडे आलाच नाही, तर गुण कशाचे? दुसऱ्या दिवशी थूल शाळेच्या फाटकाशी मला गाठून म्हणाला, "तुमचं खरं हाय. मंग किती येळा अडवला ते मोजा लागते." पण वर्तमानपत्र ते छापत नव्हतं. त्याने संपादकाला पत्र लिहिलं. महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं : जागेअभावी शक्य नाही.

"जागा नाई म्हणते! गोल करणाऱ्याच्या फोटोले जागा हाय!" तो पार्सलांमधून येरझारा घालत राहिला. "नियम मानसानंच केला ना? मंग मानसाले बदलता काऊन येत नाई?"

पुढच्या दोन मोसमांत त्याने किती नियम सुचवले, त्याला गणती नाही. आम्ही दोघं मत द्यायचो आणि तो दर वेळी हरायचा. खरं सांगायचं तर मी मोतीलालच्या बाजूने मत द्यायचो ते नियम चूक वाटायचा म्हणून नव्हे. मला कटकट नको असायची.

छप्पनच्या पावसाळ्यात त्याने रजा टाकली, रेल्वेचा पास काढला आणि कलकत्त्याला गेला. एकच सामना पाहण्यासाठी. पाचव्या दिवशी परतला तो ताप घेऊनच. भिजलेली वही घेऊन स्टेशनवरून सरळ दुकानात आला. एका बॅकने त्या सामन्यात सतरा वेळा चेंडू अडवला होता. प्रत्येक खेपेची त्याने रेघ ओढली होती. दर रेघेला अर्धा गुण द्या, असं त्याचं म्हणणं.

मी त्या बॅकचं नाव वाचलं आणि थबकलो. तो मोतीलालच्या संघात होता. नावं वाटताना तो कुणालाच नको होता, म्हणून शेवटी मोतीलालच्या गळ्यात पडलेला. त्या वर्षी थूल पहिल्यांदाच पुढे होता. हे गुण धरले तर मोतीलाल जिंकत होता.

"अबे, तू हारून राह्यला ना यानं!" मोतीलाल ओरडला.

"हारतो तं हारतो. नियम का मी माह्यासाठी करून राह्यलो? म्या डोयानं पाह्यलं, आता पाह्यलं नाई असं कसं म्हनू?"

मोतीलालने वही ओढून घेतली, बोट ठेवत रेघा मोजल्या. मग गादीवर सरकला. इतक्या वर्षांत थूलला त्या गादीवर कुणी बोलावलं नव्हतं; मीही त्या गोष्टीकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. "ये, बस," मोतीलाल म्हणाला.

"बसनं जमत नाई मले," थूल म्हणाला आणि उभाच राहिला. नियम मात्र मंजूर झाला.

त्याच दसऱ्याला तो बायकोमुलांसह नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला. त्याबद्दल मी काही विचारलं नाही, आणि न विचारता स्वतःचं काही सांगणारा तो नव्हता. पुढच्या वर्षी त्याची बल्लारशाला बदली झाली. नावं, गुण, भांडणं सगळी पोस्टकार्डावर चालू राहिली. त्याचं अक्षरही घाईचं. ओळी कार्डाच्या कडेवर चढायच्या.

एका पोस्टकार्डात त्याने नवा नियम सुचवला : खेळाडू आजारी पडून मोसमभर बाहेर राहिला, तरी त्याचं नाव संघातून काढू नये, आणि त्याला थोडे गुण मिळत राहावेत. मोतीलाल आणि मी खूप हसलो. या माणसाला आता रिकाम्या जागेलाही गुण द्यायचेत! मीच उत्तर लिहिलं : "मैदानात नाही, त्याला गुण नाहीत. नाव काढावं. दोन विरुद्ध एक."

तीन आठवड्यांनी त्याचा साळा आंजीला जाताना माझ्याकडे थांबला. थूल गेला होता. छातीचं दुखणं, दोन महिने इस्पितळात होता. पोस्टकार्डं तो तिथूनच लिहायचा. आम्हाला कळवायचं नाही, असं त्यानेच बजावलं होतं.

साळ्याने पाणी घेतलं आणि जायला निघाला. माझं ते उत्तर थूलपर्यंत पोचलं होतं का, एवढंच मला विचारायचं होतं. मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेलो, पुढे रस्त्याच्या वळणापर्यंतही गेलो. विचारलं नाही.