पायाळूची आई

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. आमच्या वेळणेश्वराच्या बाजूला अशा माणसाचा भाव वेगळाच असे. पाठीत उसण भरली, कंबरेत चमक आली की पायाळूने पाठीला पाय लावायचा आणि दुखणं उतरायचं, असा सगळ्यांचा विश्वास. मी चालायला लागले तेव्हापासून आमच्या पडवीत कोणी ना कोणी पालथं पडलेलं असायचं. शिमग्याला आलेले चाकरमानी, गलबतावरचे खलाशी, हेदवीपासून चालत आलेल्या बायका. पाय लावायचा म्हणजे लाथच म्हणा ना. मोठ्या माणसांना राजरोस लाथा घालणारी गावात मी एकटीच मुलगी, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता.

आई मला आठवत नाही. मला आत्याने वाढवलं. आई कशाने गेली असं विचारलं की आत्या "बाळंतरोगानं" एवढं म्हणायची आणि कामाला लागायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, तसे गप्पिष्ट. पण आईचा विषय निघाला की उठून आगरात जायचे, माडांना पाणी लावायचे. पुढे पुढे मी विचारणंच सोडून दिलं.

एकोणीसशे तीस सालानंतर मला पहिल्यांदा दिवस गेले. नवरा मुंबईला गोदीत कामाला. पहिलं बाळंतपण म्हणून मी रिवाजाप्रमाणे माहेरी आले. माझ्या जन्माच्या वेळची सुईण अजून धडधाकट होती. चैत्र सरत आला तेव्हा ती पोट बघायला आली. तेलाच्या हाताने चाचपत चाचपत बरगड्यांखाली थांबली आणि तिचा चेहरा उजळला.

"डोस्कं वर हाय," ती म्हणाली. "नारळावाणी हाताला लागतंय. पायाळूच्या पोटी पायाळू येतंय गो."

आत्या हरखली. मीही हरखले, खोटं कशाला बोलू? सुईण आत्याला सांगू लागली, "काय भ्यायचं न्हाय. पाय दिसलं की धरायचं नि वढायचं. हिला मी तशीच काडली."

आप्पा पडवीत सुपारी कातरत बसले होते. ते सरळ आत आले. अशा वेळी पुरुषमाणूस आत येत नसे, त्यामुळे आम्ही सगळ्याजणी पदर सावरू लागलो.

"बोटी बंद व्हायच्या आधी हिला रत्नांग्रीला न्यायची," ते म्हणाले. "दवाखान्यात."

"पहिलं बाळंतपण, नि परक्या बायकांच्या हाती?" आत्या म्हणाली. "गाव तोंडात शेण घालील आपल्या."

"घालूं दे."

का न्यायची ते त्यांनी सांगितलं नाही. सुईण रागावून निघून गेली. मलाही संताप आला. चार बुकं शिकलेल्या लोकांत बसून आप्पांना शहरी चाळे सुचायला लागले, असं मी आत्याला ऐकवलं. पण पाऊस लागला की आगबोटी थांबतात, मग आमच्या गावातून रत्नागिरी गाठणं अवघडलेल्या बाईला शक्य नव्हतं. जायचं तर तेव्हाच जायला हवं होतं. जयगडच्या खाडीत हिंदकळणाऱ्या पडावातून आगबोटीवर चढताना वरून खलाशाने माझे दंड धरले, खालून आप्पांनी आधार दिला, आणि तेवढ्या वेळात मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेत राहिले.

रत्नागिरीत दूरच्या नात्यातल्या एका घरी आम्ही उतरलो. दवाखान्यातल्या नर्सबाई उंच आणि फटकळ होत्या. त्यांनी आणि डॉक्टरांनी मला निजवून, पोटावर हलक्या हाताने दाब देत बाळ फिरवून बघितलं. ते फिरलं नाही. "जोर करायचा नाही, राहू दे," डॉक्टर म्हणाले. पाणी गेलं की कळा येवोत न येवोत, लगेच निघून यायचं, असं मला बजावून ठेवलं.

पुढच्या खेपेला तपासायला गेले तेव्हा ओसरीपुढे बैलगाडी सुटलेली होती. आतल्या खाटेवर माझ्याच वयाची एक बाई होती. तिचंही मूल पायाळू. घरच्यांनी पाय ओढले, धड बाहेर आलं आणि हात वर जाऊन डोकं अडकलं. तशा अवस्थेत तिला गाडीतून आणलं होतं. मूल वाटेतच गेलं होतं. दुपार टळायच्या आत ती बाईही गेली. सुईणीचं ते "धरायचं नि वढायचं" तेव्हा मला कळलं. त्यानंतर मी आप्पांना वेडंवाकडं बोलले नाही, आणि मी मरणार याबद्दल माझी खात्री झाली.

पाणी गेलं ते सकाळी. दवाखान्यात टेबलाच्या अगदी कडेला मला निजवलं. आधी बाळाचं ढुंगण आलं, मग पाय सुटले. मदतनीस मुलीने हात पुढे केला तशा नर्सबाई तिच्यावर खेकसल्या, "हात लावू नकोस. आपलं आपण येऊ दे." त्यांनी बाळाच्या अंगाला ऊन फडकं गुंडाळलं आणि नुसत्या बघत राहिल्या. मला सांगत होत्या, आता कळ दे, आता थांब. मानेवरची लव दिसली तेव्हाच त्यांनी पाय हातात घेतले, सावकाश वर उचलले, आणि डॉक्टरांनी डोकं सोडवलं. बाळ निळं होतं, हलत नव्हतं. पुसलं, चोळलं, तोंडातला चिकटा काढला. मग ते रडलं.

मुलगा होता. त्याला मदतनीस मुलीकडे देऊन नर्सबाई माझ्याकडे वळल्या. वार पडली तरी हलल्या नाहीत. पोट चोळत राहिल्या, घट्ट झालंय का बघत राहिल्या. "पोर रडतंय, म्हणजे त्याचं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता लक्ष ठेवायचं ते हिच्यावर."

मला खाटेवर आणल्यावर आप्पांना आत सोडलं. बाळाकडे त्यांनी पाहिलंच नाही. "ही जिवंत आहे ना?" त्यांनी नर्सबाईंना विचारलं. मी डोळे उघडून त्यांच्याकडेच बघत होते.

ते खाटेशी टेकले.

"तुझ्या वेळी पायाळू झाली म्हणून मी साखर वाटायला गेलो. घरोघर. तुझी आत्या नि सुईण तुला पडवीत दाखवीत होत्या, सगळा गाव जमला होता. आत तिच्यापाशी कोण नव्हतं. मी आलो तेव्हां गोधडी भिजून रक्त उंबऱ्यापर्यंत आलं होतं." मग म्हणाले, "हाका मारल्या असतील तिनं. बाहेर गलका होता."

मला त्यांचा राग आला. आत्याचा, सुईणीचा, पडवीत जमलेल्या साऱ्या गावाचा आला. आप्पा जाऊन वर्षं झाली, तो राग अजून माझ्याजवळ आहे.

नर्सबाई बाळाला घेऊन आल्या. "आजोबा, नातू बघा. आणि जा, घरी कळवा, साखर वाटा."

"मग वाटीन," आप्पा म्हणाले. ते उठले नाहीत. त्यांची नजर माझ्या अंगाखालच्या चादरीवर होती.