शेवटचा बोल्ट साहेबांचा

मी, दिलीप मनोहर कावळे, वाणिज्य पदवीधर, रायपूरजवळच्या उरला येथील एका रोलिंग मिलच्या लेखा विभागात नोकरीस आहे. आमचे निवृत्त लेखाप्रमुख श्री. प्रभाकरराव सातफळे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी हा लेख लिहीत आहे. साहेबांच्या कार्यालयीन कर्तृत्वावर इतर सहकारी लिहितीलच. मी त्यांच्या जुन्या गाडीविषयी लिहिणार आहे, कारण त्यांचा खरा सहवास मला तिच्या बॉनेटपाशीच लाभला.

नोकरी नवी असताना साहेबांनी मला एका रविवारी सकाळी घरी बोलावले. कामात काही चुकले असावे, अशा समजुतीने मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेब बनियनवर, गाडीवर ओणवे उभे होते. वर न पाहता त्यांनी वायरींचा गुच्छ असलेले एक काळे झाकण माझ्या हाती दिले. "हे असंच धरून राहा. एकही वायर निसटली नाही पाहिजे."

"अहो, त्या पोट्ट्याले चहा तरी घेऊ द्या," साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारातून म्हणाल्या.

"त्याचे हात गुंतले आहेत. तूच पाज."

ते झाकण डिस्ट्रिब्यूटरचे होते. जुन्या इंजिनात प्रत्येक प्लगला ठरल्या क्षणी ठिणगी पोहोचवणारा हा भाग. तो काढून साफ करून पुन्हा बसवणे, हे साहेबांचे आवडते काम. बाहेर ओढताना आतला रोटर किंचित वळतो, म्हणून ते खडूच्या दोन खुणा करीत. एक ओढण्यापूर्वी, दुसरी ओढल्यावर. बसवताना दुसऱ्या खुणेपासून सुरुवात केली, की रोटर आपोआप पहिल्या खुणेवर येऊन थांबे.

साहेबांचा संयमही मी तेथेच पाहिला. एकदा डिस्ट्रिब्यूटर आणि प्लग काढून आम्ही जेवायला आत गेलो. शेजारी लग्नाचा मांडव घातला जात होता. मांडववाल्यांना जागा हवी, म्हणून शेजाऱ्यांनी आमची गाडी मोठ्या आपुलकीने सावलीत ढकलून नेली. हँडब्रेक कच्चा असल्याने साहेब गाडी नेहमी गिअरमध्ये ठेवीत. ढकलताना चाकांबरोबर इंजिन फिरले आणि खुणा निरुपयोगी झाल्या. "भैया, धूप में खड़ी थी," शेजारी म्हणाले. साहेबांनी हात जोडून त्यांचे आभार मानले. मग पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून ते मला समोरून इंजिनाचे हँडल फिरवायला सांगू लागले. हवेने अंगठा उचलला, तेव्हा पिस्टन वर येत असल्याचे कळले आणि तेथून सारे पुन्हा जुळवले. शेजाऱ्यांना याचा पत्ता आजही नाही.

माझ्या आईचा पाय अभनपूरला मोडला, तेव्हा याच गाडीच्या मागच्या सीटवर तिला निजवून साहेबांनी रायपूरच्या इस्पितळात आणले. वाटेत तिला एकही गचका बसला नाही, हे ती अखेरपर्यंत सांगत असे.

गौरवलेखात खंत लिहावी का, असा प्रश्न मला पडला होता. साहेबांनाच विचारले. "लिही," ते म्हणाले. म्हणून लिहितो.

डिस्ट्रिब्यूटर बसल्यावर त्याचा बोल्ट ढिला ठेवून, चालू इंजिनाचा आवाज ऐकत तो केसभर इकडेतिकडे फिरवायचा असतो. आवाज जमला, की बोल्ट आवळायचा. एवढे काम साहेबांनी कधी कोणाला करू दिले नाही. पुस्तकातली खूण नव्या इंजिनासाठी असते, या म्हाताऱ्या इंजिनाला कानच लागतो, असे ते म्हणत. मी शेजारी पाना घेऊन उभा राहत असे.

आता साहेबांना फार कमी ऐकू येते. यंदा उन्हाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी तेल गळू लागले. आम्ही तो काढला, रिंग बदलली, खुणेवर बसवला. इंजिन सुरू झाले. साहेब कान लावून ओणवले, त्यांनी डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवला आणि ते सरळ उभे राहिले.

"चालू आहे ना?" त्यांनी विचारले.

इंजिन चालूच होते. त्यांनी पाना माझ्या हातात ठेवला. "आता तू कर."

"साहेब, बरोबर आवाज कोणता?" मी मोठ्याने विचारले.

त्यांनी हात फडक्याला पुसले. मग कमी ऐकू येणाऱ्याच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तुले मी हे कधी करूच दिलं नाही. तू बिघडवशील म्हणून नाही. मलेच सोडवत नव्हतं."

"आता साऱ्या पाऱ्या-मोहल्ल्याले ऐकवून राहिले," वहिनी म्हणाल्या.

मी अंदाजाने बोल्ट आवळला आणि उड्डाणपुलावर एक फेरी मारून आलो. सारे ठीक आहे, असे सांगता आले असते. परंतु स्वतः न पडताळलेल्या आकड्यापुढे सही करू नये, हे मला ज्यांनी शिकवले, तेच समोर उभे होते.

"चढावर टकटक येते, साहेब."

"ठिणगी लवकर पडते आहे. थोडा मागे घे."

"किती?"

"ते सांगता नाही येत. हातालेच माहीत होतं."

त्यानंतर दर रविवारी मी बोल्ट ढिला करतो, थोडा फरक करतो, पूल चढून येतो आणि जे ऐकले ते साहेबांना सांगतो. ते डोळे मिटून समजून घेतात. टकटक कमी झाली आहे, गेलेली नाही. मला अजून पुष्कळ रविवार लागणार आहेत. तेवढे सगळे साहेबांना निरोगी शरीराने आणि प्रसन्न मनाने लाभोत, आणि प्रत्येक रविवारी मी परत येईन तेव्हा ते फाटकाशी उभे असोत.

दिलीप मनोहर कावळे
रायपूर, ज्येष्ठ शुद्ध दशमी