सिस्टरांच्या घरातलं हिरवं पाणी

सिस्टर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळी कॉलनी त्यांना सिस्टरच म्हणायची. उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेली. मोठमोठे सर्जनसुद्धा त्यांच्यासमोर दोनदा हात धुवायचे, कारण बाई सगळ्यांसमोर परत बेसिनकडे पाठवायला कमी करायच्या नाहीत. घरातही तोच खाक्या. ओट्यावर पाण्याचा थेंब दिसला की त्यांचा हात फडक्याकडे गेलाच समजा.

त्यांचे यजमान अगदी उलटे. ते लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. शांत, सावकाश, कुठेही पथारी पसरून झोपणारे. बायकोने टापटिपीवरून झापलं की हसून म्हणायचे, "सिस्टर, पेशंट दगावला नाही ना अजून?" निवृत्तीनंतर त्यांनी हॉलमध्ये माशांची टाकी आणली. सिस्टरांनी आधी नाक मुरडलं, पण टाकीचं सगळं ते स्वतः करायचे. पाणी काचेसारखं. त्यात गुबगुबीत गोल्डफिश फिरायचे आणि ड्रायव्हरसाहेब खुर्ची ओढून तासन्‌तास बघत बसायचे. त्यामुळे सिस्टरांनी टाकीत कधी लक्ष घातलंच नाही.

मग एकदा पाण्यावर हिरवट झाक आली. आठवड्याभरात ते पालकाच्या सूपसारखं दाट झालं. मासे काचेला टेकले तरच दिसायचे, नाहीतर नुसती नारिंगी सावली सरकल्यासारखं वाटायचं.

"अहो, टाकीचं काय केलंयत हे? घरात डबकं पाळल्यासारखं दिसतंय," सिस्टर म्हणाल्या.

"करतो की आज," ते म्हणाले. केलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशीही "आज करतो" म्हणाले.

सिस्टरांना असलं कुठे खपायला? त्यांनी कंबर कसली. मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, खडे उकळून घेतले, फिल्टरचा स्पंज जंतुनाशकात बुडवून खसाखसा घासला. थिएटर आवरावं तशी टाकी आवरली आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे आत सोडले. संध्याकाळपर्यंत टाकी अशी लखलखत होती की शेजारीण मुद्दाम बघायला आली. सकाळी त्यातला एक मासा पोट वर करून तरंगत होता. दुसरा दुपारी गेला. आणि काही दिवसांत पाणी होतं तसं हिरवं, वर दुधाळ.

ड्रायव्हरसाहेब मेलेला मासा तळहातावर घेऊन बराच वेळ उभे राहिले. ते ओरडले असते तर सिस्टरांना बरं वाटलं असतं.

त्या उठल्या आणि बाटलीत ते पाणी भरून शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकान चालवणारी बाई त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने बाटली उजेडात धरली, सगळी हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, तुम्ही टाकी निर्जंतुक केलीत! त्या स्पंजात चांगले जंतू असतात, माशांची घाण तेच पचवतात. तेच मेले, मग मासे कसे जगणार? स्पंज नळाखाली नाही धरायचा. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा."

जन्मभर जंतूंच्या मागे हात धुऊन लागलेल्या बाईला हे पचायला जरा वेळ लागला. "आणि हे हिरवं?"

"ते शेवाळ. इतकं बारीक, की पाण्यातच तरंगतं. त्याला ऊन आणि खाणं मिळालं की फोफावतं. टाकी खिडकीत आहे का?"

"हल्लीच सरकवली आमच्या ह्यांनी. माशांना बाहेरचं दिसू दे म्हणाले."

"आता मागे घ्या. वर चादर टाका, चार-पाच दिवस अंधार. हवेचा पंप चालू ठेवा, खाणं बंद. तेवढ्यात मासे उपाशी मरत नाहीत. नंतर रोज थोडंथोडं पाणी बदला, रात्रभर उघडं ठेवून क्लोरिन उतरवलेलं. आणि काकू, घाई नको. हिरव्या पाण्याचा त्रास माशांना फारसा नसतोच. तो आपल्याला होतो."

सिस्टरांनी शेजाऱ्याच्या मदतीने टाकी आतल्या भिंतीला लावली, वर जाड चादर घातली आणि नवऱ्याला बजावलं, "अजिबात खाणं घालायचं नाही. चादर उचलायची नाही."

"बरं, सिस्टर."

त्याच दुपारी त्या कपडे वाळत घालून हॉलमध्ये आल्या, तर चादर अर्धी वर, आणि ड्रायव्हरसाहेब डब्यातलं खाणं चिमटीने पाण्यावर भुरभुरत होते.

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो! सकाळी काय सांगितलं मी?"

"सकाळपासून उपाशी आहेत गं बिचारे."

"उपाशीच ठेवायचेत!"

"असं होय? बरं." त्यांनी निमूटपणे चादर नीट केली. सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या, पाणी पिऊन परत आल्या. चादर पुन्हा वर होती. तीच चिमूट, तेच भुरभुरणं.

"सकाळपासून उपाशी आहेत गं बिचारे," ते म्हणाले. तोच स्वर, तेच हसू. थट्टेचा लवलेश नाही.

सिस्टरांनी डबा हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. मागच्याच आठवड्यात आणलेला, आणि आताच संपत आलेला. मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे येऊ लागली. फ्रिजमध्ये सापडलेला चष्मा. फाटकापाशी उभं राहून "कुठे निघालो होतो मी?" असं विचारणं. रोजचं ते "आज करतो". दवाखान्यात दुसऱ्यांच्या घरच्यांना त्यांनी किती वेळा विचारलं होतं, अहो, तुमच्या आधी कसं लक्षात आलं नाही? आता तो प्रश्न विचारायला समोर कोणी नव्हतं, त्या एकट्याच होत्या.

"मी घातलं होतं का आधी?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"घातलं असेल थोडं," सिस्टर म्हणाल्या. "चालतंय."

"चालतंय" हा शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच निघाला.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी जे सांगितलं ते सिस्टरांना आधीच कळलं होतं. गोळ्यांनी विसरण्याचा वेग थोडा कमी होईल, इतकंच. टाकीचं पाणी मात्र अंधाराने निवळलं. चादर काढली तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्या माशांना नावं द्यायला सुरुवात केली, सगळी त्यांच्या जुन्या कंडक्टरांची.

खाण्याचा डबा सिस्टरांनी आधी कपाटात लपवला. पण ते घरभर शोधत फिरायचे, उशा उचलायचे, आणि हताश होऊन बसायचे. मग सिस्टरांनी एक रिकामी डबी ठेवली, तिच्यात रोज सकाळी एकच चिमूट. डबी रिकामी झाली की ते म्हणायचे, "अरे, जेवले वाटतं हे!" आणि समाधानाने खुर्चीत टेकायचे. पाणी बदलायचं काम दोघं मिळून करायची. ते नळी धरायचे, त्या बादली. फरशी ओली व्हायची, आणि तशीच राहायची बराच वेळ.

मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिने हळूच विषय काढला. "आई, बाबांचं करतेस तेवढं पुरे नाही का? टाकी तरी देऊन टाक कुणाला."

"त्यांना करमत नाही गं त्याच्याशिवाय."

दोनेक वर्षं तसं चाललं. पाण्यावर अधूनमधून हिरवी झाक यायची आणि सिस्टर तिच्याकडे कानाडोळा करायच्या. पुढे ड्रायव्हरसाहेब टाकीत बिस्किटं टाकू लागले, मग साबणाची वडी. ती वेळेवर दिसली म्हणून मासे वाचले. सिस्टरांनी हात टेकले. दुकानवाली स्वतः येऊन मासे घेऊन गेली आणि तिने ते आपल्या मोठ्या टाकीत सोडले.

रिकाम्या जागेकडे बघून ड्रायव्हरसाहेब विचारतील, तेव्हा काय सांगायचं याची सिस्टरांनी तयारी करून ठेवली होती. त्यांनी एकदाही विचारलं नाही. खुर्ची खिडकीकडे वळवली आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघू लागले.

चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं ते सिस्टरांनाच. शेजारीण ड्रायव्हरसाहेबांजवळ येऊन बसली की त्या भाजीची पिशवी घेऊन निघायच्या आणि वाटेत दुकानात शिरायच्या. दुकानवाली काही न विचारता स्टूल पुढे करायची. समोरच्या गर्दीत आपले कोणते, हे त्यांना लगेच ओळखू यायचं. थोडा वेळ बसून, "येते गं," म्हणून त्या उठायच्या. भाजी अजून घ्यायची असायची.